सुनीतीताईंची कोरफड आणि आमचं बोडण

पितळेची परात निम्मी घासून झाली होती. अर्धी पिवळीजर्द, अर्धी काळवंडलेली, आणि माझे हात कोपरापर्यंत चिंचेच्या कोळात. तेवढ्यात वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, विजयमाला. राहतात कोथरूडला, पण शनिवार पेठेतल्या आमच्या घराचे कुळाचार अजून त्यांच्याच तोंडून चालतात. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आमच्याकडे बोडण होतं. आमोदचं लग्न मार्गशीर्षात झालं, कादंबरी सून म्हणून घरात आली, आणि लग्नानंतरचं देवीचं बोडण तेवढं भरायचं राहिलं होतं.

आमच्या कोकणस्थांच्या घरांबाहेर बोडण फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून सांगते. परातीत देवीची मूर्ती ठेवायची. पूजा करायची, पुरणावरणाचा नैवेद्य दाखवायचा, पुरणाच्याच दिव्यांनी ओवाळायचं. मग तो नैवेद्य देवीभोवती परातीत घालायचा, त्यावर दूध, दही, तूप, मध, साखर, आणि चार सवाष्णी आणि एक कुमारिका अशा पाचजणींनी गोल बसून ते सगळं हातांनी कालवायचं. चमचा नाही, पळी नाही. एकीचा हात दुसरीला लागतो आणि सगळ्यांचे हात देवीला लागतात. बोडण म्हणजे ते दहा हातच. बाकी सगळी तयारी.

वन्संनी दारात चपला काढता काढता विचारलं, "सवाष्णी ठरल्या का?"

"तुम्ही, सुरुची, कादंबरी आणि वरच्या सुनीतीताई. कुमारिका आपली राधा." सुरुची ही वन्संची सून, आणि राधा सुरुचीची नऊ वर्षांची मुलगी.

वन्संची एक चप्पल निघाली होती, दुसरी पायातच राहिली.

"वरच्या म्हणजे ती कोडाची?"

"सुनीती परचुरे. तिसऱ्या मजल्यावरच्या."

"तेच म्हणतेय मी."

मी रोज पूजा झाली की वहीत चार ओळी लिहिते. कोण आलं, काय केलं, काय चुकलं. आज चार ओळींत भागणार नाही, कारण सुनीतीताई कोण हे नुसतं 'कोडाची' एवढ्यावर माझ्या घरात ठरायला लागलं होतं, आणि ते तसं वहीत राहू द्यायचं नाही.

आमच्या इमारतीत कुणाचा हात तव्याला लागला, कुणाला घामोळं आलं, कुणाच्या टाचा उलल्या, की माणूस आधी गच्चीत जातो. गच्चीत सुनीतीताईंच्या सोळा कुंड्या आहेत. कुंड्या आपलं म्हणायचं. रंगाचे डबे, कान तुटलेली बादली, एक कुकर, झाकण नसलेला. सगळ्यांत कोरफड. यातली एकही त्यांनी हौसेनं आणलेली नाही. सोळाही लोकांनी आणून दिल्यात. "लावून बघा हो, आमच्या आत्येबहिणीच्या जावेचं पार गेलं." सुनीतीताई प्रत्येक वेळी रोप ठेवून घेतात आणि म्हणतात, "त्या जावेला मला एकदा भेटायचंय. इतक्या जणांच्या ओळखीची आहे, पण पत्ता कुणालाच ठाऊक नाही."

त्या मूळच्या खडकीच्या. वडील दारूगोळा कारखान्यात कारकून, घर तिथल्याच क्वार्टर्समध्ये. कारखान्याच्या भोंग्यावर शाळेची वेणी घालायची, असं सांगतात. लग्न होऊन शनिवार पेठेत आल्या. परचुरे भाऊजी बँकेत. मुलगा राजस दीड वर्षाचा असताना त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका आला. "मी कणीक लागलीय म्हणून पुसत होते," असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. मी नव्हते हसू शकले. ठिपक्याचा डाग झाला, डाग मनगटापर्यंत गेला, मग डावा हात, मग ओठांच्या कडा.

पुढची काही वर्षं त्यांनी लोकांचं ऐकण्यात घालवली. आंबट बंद, दूध बंद, मासे तर घरात नव्हतेच म्हणून ते बंद करता आले नाहीत. तांब्याच्या भांड्यातलं पाणी. कुणीतरी बावचीचं तेल सांगितलं. ते लावून उन्हात बसायचं. सासूबाईंनी त्यांना गच्चीत पाट टाकून बसवलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही हातांवर फोड. तेव्हा पहिल्यांदा, शेजारून मागून आणलेल्या एका पानाचा गर त्यांनी स्वतःच्या हातांना लावला. आग उतरली. डाग जिथल्या तिथे.

"त्या दिवसापासून कोरफडीचं आणि माझं जमलं," त्या म्हणतात. "तिला जे येतं ते ती करते. जे येत नाही ते येतं, असं ती कधीच म्हणाली नव्हती. लोक म्हणत होते."

मग त्या रीतसर त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी सांगितलं, हा स्पर्शानं होणारा रोग नाही, जेवणातून होत नाही, कुणाच्या पापानं होत नाही. उपचार आहेत, काहींना गुण येतो, काहींना नाही. सुनीतीताईंनी दोन-अडीच वर्षं नेमानं उपचार घेतले. मानेवरचे डाग भरून आले, हातांवरचे नाही. एके दिवशी फाईल कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "हात कामाचे आहेत ना, मग झालं."

आणि ते हात कामाचे आहेतच. त्यांची रीत ठरलेली आहे. सकाळी खालचं जुनं, जाड पान बुडापासून कापायचं. कापलेलं टोक खाली करून ते पेल्यात तिरकं उभं ठेवायचं, म्हणजे पिवळा चीक निथळून जातो. तो चीक अंगाला लागला तर खाज सुटते, म्हणून घाई करणाऱ्याला त्या पान देतच नाहीत. चीक गेला की पान धुवायचं, काटेरी कडा काढायच्या, साल सोलायची. आतला गर आधी कोपराच्या आत बोटभर लावून थोडं थांबायचं, काही टोचलं-खाजलं नाही तरच पुढे. भाजलं असेल तर आधी नळ, मग कोरफड. नळाखाली हात धरायचा म्हणजे चांगली पंधरा-वीस मिनिटं धरायचा. शेजारच्या इमारतीच्या भैरू वॉचमनच्या पायावर उकळता चहा सांडला, कातडं सुटून आलं होतं. तो लंगडत गच्चीत आला तेव्हा सुनीतीताईंनी पानाला हातही लावला नाही. "हे माझ्या गच्चीचं काम नाही, भैरू. दवाखान्यात चल." आणि स्वतः रिक्षात घालून घेऊन गेल्या.

गेल्या दिवाळीत आमच्याच स्वयंपाकघरात चकल्या तळताना सुरुचीच्या हातावर तेल उडालं. वन्सं समोर होत्या. सुनीतीताईंनी आपल्या त्या पांढऱ्या हातांत सुरुचीचा हात धरून नळाखाली ठेवला, नंतर गर लावला, तीन दिवस येऊन बघून गेल्या. तेव्हा वन्संनी "गार वाटतंय ना गं?" एवढंच विचारलं होतं.

आता त्याच वन्सं दुसरी चप्पल काढून आत आल्या आणि मोढ्यावर बसल्या.

"अगं, नवी नवरी आहे घरात. उद्या तिला दिवस राहतील. त्या हातांबरोबर तिचे हात एका परातीत. तुला काहीच कसं वाटत नाही?"

कादंबरी लॅपटॉप मिटून बाहेर आली होती. "आत्या, ते कंटेजस नसतं. पिग्मेंटचा इश्यू असतो फक्त. मला काही प्रॉब्लेम नाही."

"तुला नसेल. तुमच्या फोनमध्ये सगळं असतं. बोडण आहे का त्यात?"

कादंबरीनं खरोखरच फोन काढला. "आहे की. फोटोसकट."

वन्संनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि माझ्याकडे वळल्या. "मी तिला बोलावू नकोस म्हणत नाही. जेवायला बोलव, ओटी भर. केसांच्या मेंदीच्या पाकिटात ते प्लास्टिकचे हातमोजे येतात ना, तसले घालून बसू दे हवं तर."

"हातमोजे घालून बोडण?" मी विचारलं.

"बरं, हातमोजे राहू देत. कोरफड लावून यायला सांग. चांगली दोन्ही हातांना चोळून, दिसेल अशी. म्हणजे मला सुरुचीला सांगता येईल, बाई औषध करतेय, हात त्यातल्या त्यात शुद्ध आहेत. एवढं तरी कर."

मला ते पटलं. हे लिहायला नको वाटतं, पण पटलं. वाटलं, कोरफड तर त्यांच्याच घरची, लावली तर काय बिघडलं. वन्संचंही राहील, त्यांचंही राहील. मी हात धुतले, परात मोरीत तशीच ठेवली आणि गच्चीत गेले.

सुनीतीताई बादलीतल्या मोठ्या रोपाची पिल्लं सुटी करत होत्या.

"या वहिनी. परात झाली?"

"निम्मी झाली."

"निम्मी टाकून वर आलात, म्हणजे खालून काहीतरी पाठवलंय तुमच्याबरोबर."

मी सांगितलं. जमेल तितकं गोड करून सांगितलं. त्या मातीचे हात झटकत ऐकत राहिल्या.

"हातमोजे नाही सुचवले?"

"सुचवले होते."

"तेच म्हटलं, राहिले कसे. देवीला प्लास्टिक चालत असेल, महापालिकेला चालत नाही म्हणावं." मग त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटं, पंजे, मनगटं पांढरी, मधेमधे मूळचे गव्हाळ ठिपके राहिलेले. "वहिनी, याला कोरफड कशासाठी लावू? भाजलेलं नाही. खाज नाही, पुरळ नाही, उन्हानं सोललेलं नाही. मी रोज लोकांना विचारते, काय होतंय, मग पान कापते. तुम्ही सांगा, या हातांना काय होतंय?"

"काही नाही होत. पण बायकांना सांगता येईल, एवढंच."

"काय सांगता येईल? हिला स्वतःची लाज वाटते, ही त्यावर इलाज करतेय, तेव्हा बसू द्या हिला? ते मी पुष्कळ वर्षं सांगितलं. बावची लावून सांगितलं, उन्हात बसून सांगितलं. आता नाही सांगणार." त्यांनी सुरी पुसून बाजूला ठेवली. "आणि कोरफडीच्या हातांनी कालवलं तर पुरण कडू होईल. तुमच्या वन्संना कडू नैवेद्य चालतोय, कोरडे हात चालत नाहीत."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या दिरांकडे, बिबवेवाडीला, बोडण होतं. सुनीतीताईंना आदल्या दिवसापासून बोलावलं. सकाळी पुरणयंत्र पुढ्यात आलं. या वाटायला बसल्या. निम्मं पुरण वाटून झालं तेव्हा बाहेर पाट मांडल्याचा आवाज आला, म्हणून उठायला लागल्या, तर सासूबाई म्हणाल्या, तू बस, तू वाट, कालवायला पलीकडच्या बाई येतायत. वाटताना यंत्राला हात लागतो, पुरणाला लागत नाही.

"मग?"

"मग काय. यंत्राची मूठ सोडली, हात धुतले, पर्स घेतली. स्वारगेटपर्यंत चालत आले आणि पीएमटीनं घरी. मागे निम्मं पुरण डाळीचं डाळच राहिलं असेल. त्यांनी पुढे काय केलं मी विचारलं नाही. त्या घरात परत सणाला गेले नाही. राजसचे बाबा म्हणाले, एवढं काय. मी म्हटलं, तुम्ही जा, तुमचे हात चालतात."

खालून कुणीतरी पाण्याची मोटार चालू केली. तिचा आवाज थांबेपर्यंत त्या पिल्लांच्या मुळांची माती झाडत राहिल्या.

"वहिनी, तुम्ही मला हळदकुंकू लावून बोलावलंय. मी विचारलं होतं तेव्हाच, पुरण वाटायला बोलावताय की कालवायला. तुम्ही म्हणालात, कालवायला. मी उद्या येणार. हात साबणानं धुऊन, पुसून, कोरडे. ज्यांना उठायचं त्यांनी उठावं, मी उठणार नाही. आणि मी यायला नको असेन तर 'येऊ नका' म्हणा. दोनच शब्द आहेत. पण तुमच्या तोंडानं म्हणा, कोरफडीच्या आडून नको."

ते दोन शब्द माझ्या तोंडून आले नाहीत. पण 'या' हा एक शब्दही लगेच आला नाही. मी कठड्याला टेकून उभी राहिले. डोळ्यांसमोर एकदा वन्सं, एकदा देव्हाऱ्यातली देवी. लग्न होऊन आल्यापासून तिला रोज न्हाऊ घालते. तिनं कुणाचे हात परत पाठवल्याचं मला आठवेना. पोथीत नाही, माझ्या वहीतही नाही. परत पाठवणारे आम्हीच.

"किती वाजता येताय?" मी विचारलं.

"साडेनऊ म्हणाला होतात."

"नऊला या. पुरण वाटायला नाही. बसून गप्पा मारायला."

खाली आले तर वन्सं मोरीत बसून परातीची उरलेली बाजू घासत होत्या. काम अर्धवट पडलेलं त्यांना बघवत नाही.

"काय म्हणाली?"

"येतायत. नुसत्या हातांनी."

"मग मी बघते काय करायचं ते."

"बघा," मी म्हटलं. त्यांना उद्देशून इतका छोटा शब्द मी पहिल्यांदाच वापरला असेन. वन्संनी परात एकदा वळवून पाहिली आणि पुन्हा चिंच घेतली.

शुक्रवारी नऊला सुनीतीताई आल्या. हिरवी काठापदराची साडी, हातात हिरव्या बांगड्या. पांढऱ्या मनगटांवर त्या बांगड्या लांबूनही दिसत होत्या, आणि त्यांनी पदर हातांवर ओढून घेतला नव्हता. इतर वेळी रिक्षात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत त्यांना तशी सवय आहे. आज पदर कमरेला खोचलेला. सुरुचीनं "काकू, या ना" म्हणून पाट सरकवला. वन्संनी बघितलं न बघितलंसं केलं.

आमच्याकडे बोडण कालवताना पुरुषमंडळी बाहेर बसतात. हे आणि आमोद गॅलरीत वर्तमानपत्र वाटून घेऊन बसले. सवाष्णी आणि कुमारिका कालवून होईपर्यंत उपाशी असतात. राधा सकाळपासून दर पाच मिनिटांनी "अजून किती वेळ" विचारत होती. पूजा झाली, नैवेद्य दाखवला, पुरणाचे पाच दिवे लागले, आरती झाली. परातीत देवीभोवती पुरण, वरण, भात घातला. सगळ्याजणी गोल बसल्या. मी वरून दूध-दही घालायला उभी.

आधी राधानं हात घातले, मग कादंबरीनं, मग सुरुचीनं. सुनीतीताईंनी देवीला नमस्कार केला आणि दोन्ही हात पुरणात ठेवले.

वन्संचे हात मांडीवरच.

"वन्सं," मी म्हटलं.

"मी काल सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस." त्या पाटावरून उठल्या. "सुरुची, राधाला घे."

सुरुची खाली बघत म्हणाली, "आई, माझे हात पुरणात आहेत."

"धुऊन टाक."

"बोडणातून हात मधेच काढून धुवायचे नसतात. तुम्हीच शिकवलंत, माझ्या लग्नात."

वन्संनी तिच्याकडे पाठ फिरवली. मग मला म्हणाल्या, "चार सवाष्णी लागतात. तीन उरल्या. आता कर तुझं बोडण."

सुनीतीताईंचे हात पुरणात तसेच होते, हलत नव्हते. मला कळलं, त्या माझी वाट बघतायत. बोडण मोडलं असतं तर ते माझ्या घरात, माझ्या देवीपुढे मोडलं असतं, आणि नाव त्यांचं लागलं असतं. कोथरूडपासून खडकीपर्यंत सगळ्यांनी म्हटलं असतं, कोडाची बाई बसली आणि बोडण मोडलं.

मी दुधाचं भांडं खाली ठेवलं. "मीही सवाष्णच आहे, वन्सं. सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही." आणि त्यांच्या रिकाम्या पाटावर बसले. माझे हात सुनीतीताईंच्या हातांशेजारी पुरणात गेले. पुरण अजून कोमट होतं. त्यांची करंगळी माझ्या करंगळीला लागली, आणि त्यांनी हात बाजूला घेतला नाही.

वन्सं आतल्या खोलीत गेल्या. पलंगावर बसल्याचा आवाज आला.

आम्ही कालवायला लागलो. पण दूध नाही, दही नाही, त्यामुळे सगळं कोरडं, भात बोटांना चिकटत होता. वरून घालणारं कुणी नव्हतं. पाचहीजणींचे हात बरबटलेले, आणि भांडी भिंतीकडे मांडलेली.

बोडणात कुमारिकेला विचारायचं असतं, देवीला काय हवं. त्या वेळेपुरती तीच देवी. ती जे मागेल ते द्यायचं, नाही म्हणायचं नाही. मी विचारलं, "राधा, देवीला काय हवं?"

"मध."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. कादंबरी कुजबुजली, "आई, मी उठू का?" सुरुचीनं मान हलवून नको म्हटलं.

"मध हवाय," राधा पुन्हा म्हणाली. भूक लागली की ती हट्टाला पेटते.

आतल्या खोलीतून वन्संचा आवाज आला, "मध आधी नसतो घालायचा. आधी दूध, मग दही."

"बरं, मग दूध," राधा म्हणाली.

कुणी हललं नाही. राधा आवाज चढवून म्हणाली, "दूध हवंय देवीला."

पलंग वाजला. वन्सं बाहेर आल्या. कुणाकडेही न बघता त्यांनी दुधाचं भांडं उचललं आणि वरून धार धरली. चांगली हातभर उंचावरून, शिंतोडा उडून येऊ नये म्हणून स्वतः मागे झुकून. पण धरली. कुमारिकेनं मागितलेलं दिलं नाही असं त्यांच्या हातून आजवर झालेलं नाही, आणि ते आज होऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. मग दही, मग तूप, साखर. राधाला कळलं की मागितलं की मिळतं, तेव्हा तिनं मध चार वेळा मागितला. चारही वेळा वन्संनी घातला.

"बास का गं आता देवीला?" चौथ्या वेळी त्यांनी विचारलं.

"विचारून सांगते," राधा म्हणाली.

पहिल्यांदा सुनीतीताई हसल्या. परातीत आता दहा हात होते, आणि दुधापुरणात कोपरापर्यंत सगळेच एका रंगाचे, त्यामुळे कुठला कुणाचा ते वरून घालणाऱ्या वन्संनाच दिसत असेल तर असेल. मला नव्हतं दिसत. दिसलं असतं तरी चाललं असतं, कारण आज ते हात झाकायला नाही, घालायला आणले होते.

कालवून झालं. देवीला बाहेर काढून न्हाऊ घातलं, पुसून जागेवर बसवलं. मी आधी वन्संची ओटी भरली, मोठ्या म्हणून. मग सुनीतीताईंची. सवाष्ण म्हणून बसलेल्या त्या होत्या, हे मी वन्संसमोर मोठ्यानं म्हटलं. वन्संनी नारळ पिशवीत टाकला.

पंगतीत त्या दुसऱ्या टोकाला बसल्या. पुरणपोळी संपत आली तेव्हा सुनीतीताईंच्या दिशेनं पहिल्यांदा एक वाक्य आलं. "पुरण जरा सैल झालंय."

"वाटायला मी नव्हते," सुनीतीताई म्हणाल्या, आणि आणखी तूप मागितलं.

वन्सं चारच्या सुमारास सुरुची-राधाबरोबर निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "पुढचं बोडण आमच्याकडे आहे, सुरुचीच्या दिराच्या लग्नाचं. तिथे मी माझ्या पद्धतीनं करणार आहे." मी म्हटलं, "करा. मला बोलावलंत तर मी सुनीतीताईंना घेऊन येईन. दोघींना जागा नसेल तर आधी कळवा." त्यांनी चपला पायात सरकवल्या. येतील न येतील, बोलावतील न बोलावतील. माझं सांगून झालं.

सुनीतीताई वर गेल्या नाहीत. त्यांनी मला भांडी आवरायला मदत केली, परात पुसली, आणि कालवलेलं सगळं झाकणाच्या मोठ्या डब्यात भरलं. बोडण घरात ठेवायचं नसतं, ते गाईच्या मुखी जावं लागतं, आणि शनिवार पेठेत आता गाय दिसत नाही. आमोदनं रिक्षा बोलावलीय. डबा सुनीतीताई मांडीवर घेणार आहेत. आम्ही दोघी नदीपलीकडच्या गोठ्यावर गाईला बोडण घालायला निघालो आहोत.